एमटॉर म्हणजे काय? पेशीची वाढ आणि म्हातारपण यांच्याशी जोडलेलं 'बटण'

वाशिम जिल्ह्यातली बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. पाऊस चांगला झाला की सोयाबीन-तुरीची पेरणी होते. पावसानं ओढ दिली की शेतकरी हात आखडता घेतो, आहे त्यात भागवतो. आपल्या शरीरातली पेशीही असाच हिशोब करते. तो ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव आहे एमटॉर.

एमटॉर नेमकं करतं काय?

एमटॉर हे 'कायनेज' प्रकारचं प्रथिन आहे. म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचं काम चालू-बंद करणारं. जेवल्यावर रक्तात इन्सुलिन वाढतं. सोयाबीन, डाळी, दूध, अंडी यांतून ल्युसिन हे अमिनो आम्ल मिळतं. हे संकेत पोचले की एमटॉर चालू होतं आणि पेशी वाढीला लागते. उपाशीपोटी ते मंदावतं. मग पेशी स्वतःचेच खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. त्यावरच्या संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

हे नाव कुठून आलं?

१९६४ मध्ये एक कॅनेडियन मोहीम रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी एक बुरशीनाशक द्रव्य वेगळं केलं. सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटावरून द्रव्याचं नाव पडलं रॅपामायसिन. कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपला. पुढे हे द्रव्य पेशीतल्या ज्या प्रथिनाला रोखतं ते सापडलं. तेच एमटॉर, म्हणजे 'रॅपामायसिनचं लक्ष्य'.

औषध कुठे वापरतात?

१९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणानंतर वापरायला त्याला मंजुरी मिळाली. हृदयाच्या काही स्टेंटवरही याच औषधाचा लेप असतो. त्यामुळे रक्तवाहिनीत पेशी वाढून ती पुन्हा अरुंद होण्याचा धोका कमी होतो. भारतात २०१७ मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, ती अशाच स्टेंटसाठी.

मग ही तारुण्याची गोळी आहे का?

२००९ च्या प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं. रील्समधले दावे इथूनच सुरू होतात. पण माणसाचं आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. उलट तोंडात फोड येणं, कोलेस्टेरॉल वाढणं, जखम उशिरा भरणं, संसर्गाचा धोका वाढणं हे दुष्परिणाम माहीत आहेत.

आणि एमटॉर शत्रूही नाही. स्नायू बनतात ते त्याच्यामुळेच. म्हणून रील बघून घरातल्या आजी-आजोबांचं वरण, दूध कमी करू नका. म्हातारपणी स्नायू आधीच झिजत असतात. गोळी असो की लांबलचक उपवास, आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर नक्कीच.