तळटीप : गाऊजची धार आणि जिग

१. जिग : गाऊजला, म्हणजे पन्हळीसारख्या खोलगट पात्याच्या कातकामाच्या पटाशीला, ग्राइंडरवर धार लावताना पक्के धरून ठेवणारे साधन. त्याच्या पायाचे टोक दगडाखालच्या खोबणीत टेकवून मूठ डावी-उजवीकडे झुलवली, की टोकापासून दोन्ही बाजूंच्या कडांपर्यंत उतार सलग घासला जातो. कोन तीन मापांवर ठरतो : जिगबाहेर आलेली पात्याची लांबी, खोबणीचे दगडापासूनचे अंतर आणि पायाचा कल. कॅनडातल्या वनवे कंपनीच्या व्हॅरी-ग्राइंड जिगवर पहिले माप सहसा १.७५ इंच (सुमारे ४४ मिमी) ठेवतात. पुष्कळ कारागीर तेवढ्या अंतरावर टेबलालाच ठोकळा ठोकून ठेवतात. माप जुळले का, हे पाहायला उतारावर मार्करची शाई फासून, यंत्र बंद ठेवून दगड हाताने फिरवावा. शाई वरपासून खालपर्यंत निघाली तर कोन बरोबर. नुसती धारेशी किंवा टाचेशी निघाली तर माप बदलावे. धार लावताना पाते तापून त्याचे ‘पाणी उतरण्याचा’, म्हणजे कठीणपणा जाण्याचा, धोका मुख्यतः साध्या कार्बन पोलादाला असतो. ते तापून निळे पडले की मऊ होते. हायस्पीड स्टील बरीच उष्णता सोसते, पण तापलेले पाते एकदम पाण्यात बुडवल्यास धारेला बारीक तडे जाऊ शकतात. — संपा.