मोकळा गळा: बीड जिल्ह्यातील कुत्र्याच्या पट्ट्याचा इतिहास

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत कुत्रा पाळण्याची रीत जितकी जुनी आहे, तितकी त्याच्या गळ्यात कायम पट्टा ठेवण्याची रीत जुनी नाही. बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या शहरांत आज लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्ड जातीचे पिल्लू घरी आणले जाते, रात्री त्याला लोखंडी पिंजऱ्यात झोपवले जाते, आणि पिंजऱ्यात किंवा घरात वावरताना त्याच्या गळ्यात पट्टा असावा की नसावा, असा प्रश्न पाळणाऱ्यांना पडतो. हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटला, तरी पट्टा कोणत्या गरजेतून जन्मला आणि त्याने कोणकोणती कामे केली, हे पाहिल्याशिवाय त्याचे नीट उत्तर मिळत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांपासून गोदाकाठापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याचा पशुपालक, श्रद्धाळू आणि स्थलांतरित इतिहास त्या उत्तरासाठी पुरेशी सामग्री देतो.

‘पट्टा’ हा शब्द संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे लांबट पट्टी यावरून आला असून मराठीत त्याला अधिकाराचीही एक छटा आहे. जमिनीच्या हक्काच्या कागदाला पट्टा म्हटले गेले आणि कमरेला किंवा खांद्यावरून बिल्ल्याचा पट्टा लावून सरकारी काम करणारा शिपाई ‘पट्टेवाला’ ठरला. पट्टा धारण करणारा कोणाचा तरी आहे, त्याच्यामागे कोणाची तरी सत्ता उभी आहे, हा अर्थ या उपयोगांत समान आहे. कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यालाही हाच अर्थ पुढे चिकटला. मात्र तो त्याचा एकमेव अर्थ नव्हता, आणि बहुधा पहिलाही नव्हता.

भारतीय उपखंडात कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्याचा पुरावा हडप्पा संस्कृतीइतका मागे जातो, कारण हडप्पा येथे सापडलेल्या भाजक्या मातीच्या छोट्या मूर्तींमध्ये गळ्याभोवती पट्टी दाखवलेले कुत्रे आहेत. दख्खनच्या राजवटींत कुत्र्याचे स्थान प्रामुख्याने शिकारी सोबत्याचे होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’, म्हणजे कुत्र्यांसह केलेली क्रीडा, या विषयाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. त्याआधी राष्ट्रकूटांच्या काळात, इ.स. ९४९-५० च्या सुमारास, आजच्या कर्नाटकातील आतकूर येथे रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नावाच्या कुत्रीचे स्मारक म्हणून एक शिळा उभारली गेली आणि तीवर त्या झुंजीचे दृश्य कोरले गेले. माणसाच्या पराक्रमासाठी उभा राहणारा वीरगळ एका कुत्रीच्या वाट्याला यावा, यावरून त्या काळी कुत्र्याची किंमत त्याच्या धावण्यावर आणि झुंजण्यावर, म्हणजे त्याच्या मोकळेपणावर ठरत होती, असे म्हणता येते.

खेड्याच्या व्यवहारात जनावर बांधण्याची साधने विपुल होती, पण ती मुख्यतः गुराढोरांसाठी होती. बैलाला वेसण आणि कासरा, गाईम्हशीला दावे, आणि दुसऱ्याच्या पिकात वारंवार शिरणाऱ्या ओढाळ जनावराला लोढणे, म्हणजे गळ्यात अडकवलेला व चालताना पायांत येणारा लाकडी ओंडका, अशी ही साधने कामाप्रमाणे ठरलेली होती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यात नवे गोंडे आणि घुंगुरमाळा चढत, कारण गळ्यातील दोर हा बैलाच्या कष्टाचा भाग असल्याने त्याचा सन्मानही तेथेच होई. कुत्र्याचे तसे नव्हते. तो वाड्याच्या किंवा वस्तीच्या दाराशी राही, भाकरीच्या तुकड्यावर त्याचे पोट भरे, आणि रात्री त्याने वस्तीभोवती फिरून भुंकावे अशी अपेक्षा असल्यामुळे त्याला बांधून ठेवणे म्हणजे त्याला कामावरून काढून टाकण्यासारखेच होते.

या मोकळेपणाला अपवाद घडला तो लांडग्यामुळे आणि बिबट्यामुळे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतील माळराने आणि डोंगरउतार ही मेंढपाळ धनगरांची चराऊ भूमी असून दख्खनच्या माळावरचा लांडगा हा त्यांच्या कळपाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू राहिला आहे. रात्री मेंढ्या वाघुरीत, म्हणजे खुंट्यांना ताणून लावलेल्या जाळीच्या कुंपणात, कोंडल्या जातात आणि कुंपणाबाहेरची जबाबदारी कुत्र्यांवर असते. लांडगा आणि बिबट्या हे दोघेही प्रथम गळा धरतात, त्यामुळे राखणीच्या कुत्र्याच्या शरीरातील सर्वांत दुबळी जागा गळा हीच ठरते. हिमालयातील मेंढपाळांपासून पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या बिबट्याग्रस्त शिवारापर्यंत कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोके आलेला खिळ्यांचा पट्टा दिसतो, त्याचे कारण हेच आहे.

या पट्ट्याची रचना किती विचारपूर्वक झाली होती, हे पाहण्यासाठी एका दूरच्या पण अत्यंत स्पष्ट वर्णनाकडे वळावे लागते. रोमन लेखक व्हॅरो याने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी जाड चामड्याचा, टोपीदार खिळे ठोकलेला पट्टा सांगितला आहे. खिळ्यांच्या टोप्या गळ्याच्या बाजूला येत असल्यामुळे त्यांच्यावर आतून मऊ कातडे शिवावे, म्हणजे लोखंडाचा कठीणपणा कुत्र्याच्या मानेला लागणार नाही, अशी सूचना तो करतो. एकदा असा पट्टा चावून जखमी झालेला लांडगा पट्टा नसलेल्या कुत्र्यांपासूनही दूर राहतो, असेही तो नोंदवतो. बाहेरच्या बाजूला शत्रूसाठी लोखंड आणि आतल्या बाजूला सोबत्यासाठी मऊ कातडे, या दोन थरांत पट्ट्याचे सगळे तत्त्व सामावलेले आहे: पट्टा हे गळ्याचे चिलखत आहे, आणि ज्या क्षणी तो गळ्यालाच इजा करू लागतो त्या क्षणी त्याचे प्रयोजन संपते. बीड जिल्ह्यात ही भीती केवळ भूतकाळातली नाही, कारण २०२० च्या नोव्हेंबर महिन्यात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याला गोळी घालण्यात आली. रात्री शेतवस्तीवर राखण करणाऱ्या कुत्र्याचा पट्टा म्हणूनच आजही सार्थ ठरतो.

पट्ट्याचा दुसरा अर्थ, म्हणजे मालकीचा, महाराष्ट्राच्या लोकश्रद्धेत फार खोलवर उमटला आहे. बीड शहराजवळच्या टेकडीवर खंडोबाचे जुने मंदिर असून त्याच्या दोन उंच दीपमाळा दुरून नजरेत भरतात. खंडोबा हा धनगरांचा आणि अनेक शेतकरी घराण्यांचा कुलस्वामी, आणि कुत्रा हा त्याचा सोबती. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘खंडोबा’ या ग्रंथात आणि जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर यांनी पशुपालकांच्या दैवतांवरील लेखनात या दैवताच्या उपासनेचा सविस्तर वेध घेतला आहे. देवाला वाहिलेला वाघ्या हा स्वतःला देवाचा कुत्रा मानतो. जुन्या प्रथेत तो कुत्र्याप्रमाणे भुंकतही असे, आणि भंडाऱ्याची, म्हणजे हळदीच्या पुडीची, पिशवी त्याच्या अंगावर असे. मुरळीच्या गळ्यात बांधला जाणारा कवड्यांचा गाठा ही देवाशी जोडले गेल्याची खूण होती. या उपासनेत ‘लंगर तोडणे’ असा एक विधी आहे: लंगर म्हणजे लोखंडी साखळी, आणि अंगात संचार झालेला भक्त ती ताणून एका हिसक्यात तोडतो. ज्या परंपरेने माणसाला देवाचा कुत्रा होण्याचा मान दिला, त्याच परंपरेने साखळी तुटण्याला देवाच्या सामर्थ्याची साक्ष मानले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. देवाच्या कुत्र्याची ओळख निष्ठेने पटते, त्यासाठी साखळीची गरज उरत नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्याची आजन्म भक्ती केली त्या दत्तात्रेयाच्या पायाशी असलेले चार कुत्रे चार वेदांचे प्रतीक मानले जातात, आणि तेही चित्रांत सहसा मोकळ्या गळ्याचेच दिसतात.

मालकीची खूण म्हणून पट्टा अनिवार्य होऊ लागला तो वसाहतकालीन शहरांच्या वाढीबरोबर. मुंबईत १८१३ च्या नियमाने उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना मिळाली. पुढे मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीसही दिले जाऊ लागले. १८३२ च्या जून महिन्यात या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. कुत्रा कोणाचा आहे यावर त्याचे जगणे अवलंबून राहू लागले, की त्या मालकीची दिसणारी खूण गळ्यात असणे आवश्यक होते, हे उघड आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे मुंबईचे नियम येथे लागू नव्हते. पण तेव्हा मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती, आणि बकल असलेल्या चामड्याच्या पट्ट्यासह कुत्रा पाळण्याची साहेबी पद्धत अशा छावण्यांतूनच दख्खनच्या आतल्या भागात परिचयाची झाली असावी. चामड्याचे कौशल्य मात्र या भूमीला नवे नव्हते. बीड शहर चामड्याच्या छागलींसाठी, म्हणजे प्रवासात पाणी नेण्याच्या पिशव्यांसाठी, आणि गुप्त्यांसाठी प्रसिद्ध असल्याची नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये आढळते.

स्वातंत्र्यानंतर पट्ट्याकडे पाहण्याच्या कायद्याच्या दृष्टीत दोन बाजू आल्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावराला दीर्घकाळ बांधून ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हा गुन्हा ठरवला. २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी नसबंदी आणि लसीकरण झालेल्या भटक्या कुत्र्यांच्या ओळखीसाठी कानाच्या खुणेबरोबर बिल्ला किंवा नायलॉनचा पट्टा देण्याची तरतूद केली. पूर्वी पट्टा मालकाचे नाव सांगत असे. आता तो मालक नसलेल्या कुत्र्यालाही समाजाचे संरक्षण असल्याचे सांगू लागला.

जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात कुत्र्याच्या गळ्यातील दोरीचे आणखी एक दृश्य आहे. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे कुटुंबे निघतात, तेव्हा बैलगाडीवर संसार, पुढे बैल आणि गाडीखाली दोरीने बांधलेला कुत्रा अशी रांग लागते. गाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला गाडी आपणच ओढतो असे वाटते, ही म्हण अशाच वाटांवर जन्मली असावी. ती दोरी रस्त्यावरच्या वाहनांपासून आणि परक्या गावच्या कुत्र्यांपासून त्याला वाचवते. मुक्कामावर कोप्या उभ्या राहिल्या, म्हणजे पाचट आणि बांबूच्या तात्पुरत्या झोपड्या बांधून झाल्या, की राखणीसाठी कुत्र्याला मोकळेच व्हावे लागते.

लांडग्यापासून संरक्षण, मालकीची ओळख आणि प्रवासातील नियंत्रण ही पट्ट्याची तिन्ही कामे उंबरठ्याबाहेरची आहेत, आणि पिल्लाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. पिल्लाला घरात पट्ट्याची नव्हे, तर आडोशाची गरज असते. माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावी २०२१ साली वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत असल्याच्या घटनांची सगळीकडे चर्चा झाली, आणि डिसेंबरमध्ये वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. त्या पिल्लांना गळ्यातला कोणताही पट्टा वाचवू शकला नसता, बंद निवारा मात्र वाचवू शकला असता. कोंबडीची पिल्ले डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या पालथ्या टोपलीखाली, झाकण्याची रीत याच समजुतीवर उभी आहे, आणि आजचा जाळीचा पिंजरा हा त्या डालग्याचाच नवा अवतार आहे.

त्या पिंजऱ्यात पट्टा घालूनच पिल्लाला सोडले, तर मात्र संरक्षणाचे साधन धोक्याचे होते. पिल्लू जाळीला अंग घासते, कडीशी खेळते, झोपेत कूस बदलते, आणि पट्ट्याचे बकल किंवा लोंबणारा बिल्ला तारेच्या चौकटीत अडकतो. घाबरलेले पिल्लू मागे सरते, पट्टा आवळतो, आणि ते जितके ओढते तितका श्वास कोंडतो. घरात माणूस नसेल तर काही मिनिटांतच अनर्थ होतो. दोन पिल्ले खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरून दोघेही अडकतात, आणि खाज आली असता मागचा पाय सैल पट्ट्यात गुंततो. वाढत्या वयात पिल्लाची मान झपाट्याने भरते. पट्टा दर आठवड्याला तपासला नाही, तर तो आधी केसांत आणि मग कातडीत रुततो.

त्यामुळे पिंजऱ्यात आणि कोणी लक्ष ठेवणारे नसताना घरात पिल्लाचा गळा मोकळा ठेवणे, हीच योग्य रीत आहे. पट्ट्याची सवय लावायची ती दिवसातून थोडा वेळ, माणसासमोर, हलका आणि मानेशी दोन बोटे सहज जातील इतका सैल पट्टा घालून. दार उघडून सहज रस्त्यावर जाऊ शकणाऱ्या पिल्लाच्या गळ्यात ओळख ठेवायचीच असेल, तर ताण पडताच आपोआप सुटणारा पट्टा निवडणे इष्ट. मात्र असा पट्टा साखळी लावून फिरवण्यासाठी वापरू नये, आणि पिंजऱ्यात जाताना तोही उतरवावा.

माळावर रात्र काढणाऱ्या कुत्र्यासाठी खिळ्यांचा पट्टा घडवणाऱ्या हातांनी आतून मऊ कातडे लावले, कारण त्यांना लांडग्याइतकीच कुत्र्याच्या मानेचीही काळजी होती. घराच्या चार भिंतींत लांडगा नसतो. तेथे खिळ्यांना काम नाही, म्हणून त्या मऊ कातड्यालाही नाही. तेथे पट्टा दाराजवळच्या खुंटीला असावा, आणि पिल्लाची मान उघडी.