शिंपल्याची मूठ आणि मिनर्व्हेची मोहर

तेल्हाऱ्यासारख्या बाजारगावात चांदी वजनाने ओळखली जाते. कापसाचे पैसे हाती आले की वाळे, तोडे घडतात. अडचणीच्या वर्षी तेच सराफाच्या तराजूत पडतात. सराफ मोडीचा भाव देतो, घडणावळ बुडते. हा न्याय केवळ वऱ्हाडातील शेतकऱ्याच्याच वाट्याला येतो असे कोणी समजू नये. फ्रान्सचा प्रतापी राजा चौदावा लुई याने १६८९ साली युद्धाच्या खर्चासाठी व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीची मेजे, आरसे, दीपवृक्ष टाकसाळीत धाडले. एका पिढीच्या उत्तम कारागिरांचे काम नाण्यांत आटून गेले. १७५९ मध्ये पंधराव्या लुईच्या काळी तोच प्रकार घडला. पुढे १७८९ च्या राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली आणि असंख्य चषक व अवशेषपेट्या मुशीत पडल्या. म्हणूनच क्रांतीपूर्व फ्रेंच चांदी आज दुर्मीळ आहे.

क्रांतीनंतरच्या शतकात श्रीमंत मध्यमवर्गाचा उदय झाला आणि भोजनाच्या मेजाला पुन्हा बहर आला. फळे कापण्यासाठी वेगळी सुरी आली. तिचे पाते चांदीचे व मूठ शिंपल्याची. यात केवळ डौल नव्हता. फळांच्या आंबटपणाने त्या काळचे साधे पोलादी पाते काळे पडे आणि फळाला लोखंडाची चव येई. माशांच्या खारवलेल्या अंड्यांसाठी मात्र चांदीचाही चमचा चालेना, तेथे सबंध शिंपल्याचा चमचा आला. आमच्याकडे चिंच-कोकमाचे आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत हे आजीला शिकवावे लागत नसे. त्यातलेच हे शहाणपण.

पॅरिसच्या उत्तरेस मेरू नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबे शिंपल्याची बटणे, पंखे, सोंगट्या व मुठी करीत. शिंपले येत दूरच्या उष्ण समुद्रांतून. शिंपला करवतीने कापताना उडणारी भुकटी फुप्फुसात जाई. मेजवानीच्या मेजावर तिचा मागमूसही नसे. मेरूच्या एका जुन्या कारखान्यात १९९९ पासून या धंद्याचे संग्रहालय आहे.

परंतु शिंपला आणि फ्रेंच चांदी यांची गाठ याहून फार जुनी आहे, आणि तिचे एक टोक आमच्या पश्चिम किनाऱ्याशी बांधलेले आहे. गुजरातचे कारागीर शिंपल्याचे पातळ तुकडे खवल्यांसारखे रचून, पितळेच्या बारीक खिळ्यांनी जोडून पेट्या व तबके घडवीत. पोर्तुगीज जहाजांतून ती लिस्बनला जात. १५२९ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने हिंदुस्थानात घडलेला शिंपल्याच्या पानाफुलांचा पलंग विकत घेतल्याची नोंद आहे. त्याच्या पदरचा सोनार प्येर मांगो याने १५३२-३३ च्या सुमारास अशाच एका गुजराती पेटीला मुलामा दिलेल्या चांदीचे कोंदण केले. ती पेटी २००० साली लूव्र संग्रहालयाने मिळवली. मांगोच्या हातची दुसरी पेटी इटलीत मांतुआच्या धर्मप्रांतीय संग्रहालयात आहे.

मांगोचे नाव मोहरेमुळे टिकले. ज्याने शिंपल्याचा एकेक खवला घासून बसविला, त्या खंबायती वा सुरती कारागिराचे नाव मात्र कोठेच नाही. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांची चांदीची शवपेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडविली. दर्शनाला जाणारे लक्षावधी, पण त्या सोनारांविषयी विचारणारा विरळा! आम्हीही तेथे गुडघे टेकले तेव्हा विचारले नव्हते.

फ्रेंच कायद्याने मोहरेला फार महत्त्व दिले. १८३८ पासून तेथील चांदीवर मिनर्व्हा देवीच्या शिरस्त्राणधारी मस्तकाची मोहर उमटते. जुन्या वस्तूवर जवळ १ हा अंक असेल तर हजारात ९५० भाग शुद्ध चांदी, २ असेल तर ८००. कारागिराची खूण शंकरपाळीच्या आकारात असते. खूण चौकोनी असेल तर तो नुसता मुलामा. ख्रिस्तोफ्ल यांच्या कारखान्याने १८४२ पासून विजेच्या साहाय्याने असा मुलामा देणे सुरू केले आणि चांदीची झळाळी सामान्यांच्या घरी पोहोचली.

हे सारे वऱ्हाडातील धर्मग्रामांना सांगण्याचे कारण आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ मध्येच सव्हॉय प्रांतातील आन्सी येथे फादर प्येर मेर्मिए यांनी स्थापिला. सव्हॉय १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला. या संघाचे धर्मगुरू १८४६ मध्ये विशाखापट्टणला उतरले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला व त्याच संघाचे अलेक्सी रिकाझ पहिले महागुरुस्वामी झाले. अकोला जिल्हा ज्यात येतो तो अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. तेव्हा एखाद्या जुन्या चर्चच्या कपाटात काळवंडलेला चषक वा थाळी सापडली, तर आधी तळाच्या कडेला भिंग लावून पाहावे. ते मस्तक दिसले तर चिंचेने वा राखेने घासू नये. मुलामा निघतो, मोहर झिजते. शिंपल्याची मूठ असलेली वस्तू गरम पाण्यात बुडवू नये, कारण आतील राळ सुटते. आणि सराफाकडे तर नेऊच नये. कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची चर्चची वस्तू विकण्यास रोमची परवानगी लागते, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील १२९२ वे कलम सांगते. सराफाला हे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही.