वाचून दाखवणारा फोन

अंध विद्यार्थ्याच्या शिक्षणात दोन माणसे फार काळ अपरिहार्य होती. एक, पाठ्यपुस्तक वाचून दाखवणारा वाचक. दुसरा, परीक्षेत उत्तरे उतरवून घेणारा लेखनिक. लेखनिक परीक्षेपुरता लागे, वाचक मात्र रोज. अभ्यास किती व्हायचा हे वाचकाला किती सवड आहे यावर ठरत असे. मोबाइलने आधी हात घातला तो या वाचकाच्या कामाला.

त्याआधीचा मोठा टप्पा ब्रेलचा. लुई ब्रेलने सहा टिंबांची लिपी पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना बांधली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठीची सामाईक ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये ठरली. ब्रेलमुळे विद्यार्थी स्वतः वाचू लागला. पण उठावाची टिंबे जागा फार खातात. छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात. शाळेची पुस्तके कशीबशी मिळत. महाविद्यालयातले संदर्भग्रंथ दुर्मीळच. कॅसेटने आवाज साठवण्याची सोय केली. वाचकाने एकदा वाचलेले पुनःपुन्हा ऐकता येऊ लागले. मात्र हवा तो उतारा गाठायला कॅसेट पुढेमागे फिरवत बसावे लागे.

माणसाऐवजी यंत्राने वाचायचे, ही कल्पना १९७६ मध्ये प्रत्यक्षात आली. अमेरिकेत रेमंड कुर्झवाइल यांच्या यंत्राच्या काचेवर छापील पान ठेवले, की ते अक्षरे ओळखून कृत्रिम आवाजात वाची. यंत्र अख्खे टेबल व्यापी आणि किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे ‘जॉज’ १९८९ मध्ये आले, तेही महागच. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि पैशांची अडचण बरीच सुटली. तरी संगणक सोबत घेऊन वर्गावर्गात हिंडणे सोपे नव्हते. २००८ मध्ये कुर्झवाइल यांचेच वाचनयंत्र नोकियाच्या एन८२ या फोनमध्ये चालू लागले. बत्तीस वर्षांत टेबल खिशात आले.

तेवढ्यात बटणांचे फोन मागे पडून गुळगुळीत काचेचे फोन येऊ लागले. बटणे निदान चाचपता तरी येत. काचेवर बोटाला काहीच लागत नाही. अंध वापरणाऱ्यांना ही पिछेहाट वाटली तर नवल नव्हते. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये आलेल्या ‘व्हॉइसओव्हर’ने काचेचा स्वभावच बदलला. बोट टेकवले की त्या जागी काय आहे ते फोन सांगतो, दोनदा टिचकी मारली तरच ते उघडते. चाचपणे आणि दाबणे या दोन क्रिया वेगळ्या केल्या, एवढीच त्यातली युक्ती. आजही सगळे त्यावरच चालते.

त्याच वर्षी अँड्रॉइडमध्येही बोलका पडदा आला. गूगलमध्ये या दिशेने काम करणाऱ्यांत टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढलेले संशोधक होते. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेऊन ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ चा त्यांचा प्रबंध गणिताची सूत्रे ऐकवण्याबद्दल होता. अपूर्णांकावरचा घातांक सरळ ओळीत वाचला तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणून घातांक येताच आवाजाची पट्टी चढवावी, असे त्यांनी सुचवले. फोनच्या काचेवर त्यांनी आणि सहकाऱ्याने आकडे लावण्याची सोय केली. बोट प्रथम जिथे टेकेल तिथे ‘५’, बाकीचे आकडे त्याच्याभोवती. जागा शोधण्याचा प्रश्नच उरला नाही.

मराठी विद्यार्थ्याची अडचण मात्र फोनपेक्षा मजकुरात होती. मराठीतला पुष्कळसा संगणकीय मजकूर वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित होत आला. अशा फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. डोळस माणसाला फरक कळतही नाही. फोन मात्र निरर्थक अक्षरे पुटपुटतो. युनिकोड ही अक्षरांची सामाईक सांकेतिक पद्धत रुजल्यावर आणि ‘ईस्पीक’सारख्या विनामूल्य आवाजांत मराठी आल्यावर वाट मोकळी झाली. तो आवाज ठोकळेबाज. पण वेगात ऐकायची सवय झालेल्यांची त्याबद्दल फारशी तक्रार नसते.

पुस्तके सुलभ स्वरूपात करून देणे कायद्यात बसते का, हा प्रश्न उरला होता. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्व हक्क कायद्यात तशी मुभा आली. अशीच मुभा देणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, भारताने मान्यता दिली. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले आणि अशी पुस्तके फोनवर उतरवून घेता येऊ लागली.

जे पुस्तक तिथे नाही त्याच्या पानाचा फोटो काढून ते ऐकता येते. साधे छापील गद्य असेल तर काम बरे होते. जोडाक्षरे पुसट असली, तक्ता स्तंभांत विभागलेला असला किंवा भूमितीची आकृती आली, की अजून कुणालातरी विचारावे लागते. शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षागृहात तर फोनला मज्जाव असतो. तिथे बहुतेकांच्या शेजारी आजही लेखनिकच बसलेला असतो.