धबधब्याच्या फोटोत पाणी दुधासारखं कसं दिसतं? पोलरायझर आणि एनडी फिल्टरचं काम समजून घ्या

जून उजाडला की मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं स्थानक असलेल्या कसाऱ्याला कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढू लागते. कसारा घाटातलं धुकं, डोंगरावरून उतरणारे ओहोळ आणि जवळच विहीगावचा धबधबा. ‘अशोका’ (२००१) या हिंदी चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं आणि तेव्हापासून हा धबधबा ‘अशोका धबधबा’ म्हणूनही ओळखला जातो. इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो पाहिले तर काहींमध्ये पाणी रेशमाच्या पडद्यासारखं दिसतं आणि पानं गडद हिरवी. ही सगळी एडिटिंगची करामत असते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं काम लेन्सपुढे लावलेली एक गोल काच करते.

अशा काचा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. दोन्ही कॅमेऱ्यात जाणारा प्रकाश कमी करतात, पण पद्धत वेगळी. पोलरायझर ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश निवडून अडवतो. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर सगळाच प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करतो.

पोलरायझर नेमकं काय करतो?

पाणी, काच किंवा ओल्या पानावरून परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी एकाच दिशेने कंप पावतो. याला प्रकाशाचं ध्रुवीकरण म्हणतात. परावर्तनातलं हे ध्रुवीकरण फ्रेंच शास्त्रज्ञ एटियेन-लुई मालुस यांनी १८०८ मध्ये ओळखलं. पोलरायझर लेन्सवर बसवून त्याची पुढची कडी फिरवली की एका ठिकाणी ही चकाकी अडते आणि खालचा खरा रंग दिसू लागतो.

पोलरायझर फक्त निळ्या आकाशासाठी असतो, हा मोठा गैरसमज आहे. स्वच्छ दिवशी सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो गडद करतो, हे खरं. पण कसाऱ्याच्या पावसाळ्यात निळं आकाश दिसतंच किती? तिथे त्याचा खरा उपयोग ओल्या पानांवर आणि भिजलेल्या कातळावर होतो. ढगाळ उजेडात प्रत्येक ओल्या पानावर पांढरट चकाकी असते. ती काढली की जंगल एकदम हिरवंगार दिसतं. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवून हे साधत नाही, कारण चकाकीखाली झाकलेला रंग फोटोत नोंदवलाच गेलेला नसतो.

कोनही महत्त्वाचा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर पोलरायझर सर्वांत जास्त चकाकी काढतो. अगदी वरून सरळ खाली पाहिलं तर परिणाम जवळपास शून्य. रेल्वेच्या खिडकीतून घाटाचा फोटो काढतानाही हाच नियम. काचेसमोर सरळ न राहता थोडं तिरकं पाहिलं तरच प्रतिबिंब कमी होतं. एसी डब्याच्या काचेत मात्र पोलरायझरमुळे रंगीत पट्टे दिसू शकतात.

काही ठिकाणी पोलरायझर कामाचा नाही. उघड्या धातूवरची चकाकी तो घालवू शकत नाही. दाट धुक्यात फारसा फरक पडत नाही. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवीकृत असतो, त्यामुळे कडी चुकीच्या जागी फिरली तर इंद्रधनुष्य फोटोतून गायबच होतं.

एनडी फिल्टर कशासाठी?

पाणी दुधाळ दिसायला शटर जास्त वेळ उघडं राहावं लागतं. पण भर उजेडात शटर एक सेकंद उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होतो. एनडी हा लेन्सचा गॉगलच समजा. तो उजेड कमी करून शटरला वेळ मिळवून देतो.

फिल्टरवरचा आकडा सांगतो की प्रकाश कितव्या हिश्श्यावर येणार. प्रकाश एकदा निम्मा झाला की एक स्टॉप. फिल्टरशिवाय योग्य शटर १/६० सेकंद असेल, तर:

- एनडी ८ (३ स्टॉप): सुमारे १/८ सेकंद. पाण्याला गती दिसते, धाराही ओळखू येतात.
- एनडी ६४ (६ स्टॉप): सुमारे १ सेकंद. पाणी रेशमासारखं होतं.
- एनडी १००० (१० स्टॉप): सुमारे १७ सेकंद. पाण्याचं धुकं होतं, ढगही ओढल्यासारखे दिसतात.

एनडी १००० मधून जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून आधी फ्रेम आणि फोकस ठरवायचा, फोकस मॅन्युअल करायचा आणि मग फिल्टर चढवायचा. ट्रायपॉड हवाच. शटर बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावणं सोपं.

आधी कोणता घ्यावा?

पावसाळी भटकंतीसाठी आधी पोलरायझर. तो स्वतःही १ ते २ स्टॉप प्रकाश खातो. झाडाखालच्या ढगाळ उजेडात आयएसओ १०० आणि एफ/११ ठेवलं तर शटर अनेकदा १/१५ सेकंदापर्यंत आधीच उतरलेलं असतं. त्यात पोलरायझर लावला की ते १/४ सेकंदाच्या आसपास येतं आणि एनडीशिवायच पाणी मऊ दिसू लागतं. शिवाय पोलरायझरचा परिणाम नंतर संगणकावर आणणं अवघड असतं. दुधाळ पाणी मात्र एकामागोमाग घेतलेले अनेक फोटो एकत्र करूनही मिळवता येतं. अनेक मोबाइलमधला ‘लाँग एक्स्पोजर’ पर्याय साधारण असंच काही करतो.

रील बनवणाऱ्यांना एनडी लवकर लागतो. व्हिडिओत हालचाल नैसर्गिक दिसण्यासाठी शटर फ्रेमरेटच्या दुप्पट ठेवतात, म्हणजे २५ फ्रेमला १/५० सेकंद. उन्हात हे एनडीशिवाय जमत नाही. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं अॅपर्चर बहुधा बदलता येत नाही, त्यामुळे तिथे तर क्लिपवर बसणारा एनडी जास्तच उपयोगी. कडी फिरवून गडदपणा बदलणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो. त्यात दोन पोलरायझर एकावर एक असतात. वाइड लेन्सवर तो टोकापर्यंत फिरवला तर फोटोत फुलीसारखा काळा डाग येतो.

विकत घेताना लेन्सवर Ø या चिन्हापुढे लिहिलेला मिलिमीटरमधला आकडा पाहावा, उदाहरणार्थ ६७ किंवा ७७. अनेक लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग घेणं स्वस्त पडतं.

मऊ पाणी, खरा धोका

लाँग एक्स्पोजरची एक बाजू मात्र लक्षात ठेवायला हवी. तो पाण्याचा जोर लपवतो. खवळलेला लोंढाही फोटोत शांत, पाय बुडवून बसावं असा दिसतो. असे फोटो पाहून येणाऱ्याला ते कळत नाही. डोंगरावर पाऊस पडला की खालच्या कुंडातलं पाणी काही मिनिटांत वाढू शकतं, खाली पाऊस नसला तरीही. शेवाळलेल्या कातळावर ट्रायपॉड लावून १७ सेकंद स्क्रीनकडे बघत राहणाऱ्याचं तर लक्षच नसतं.

म्हणून ट्रायपॉड प्रवाहापासून दूर, कोरड्या आणि उंच जागी लावावा. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यातून काटक्या-पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, तर सामान आवरून लगेच वर यावं. धबधब्यांवर पावसाळ्यात अनेकदा प्रशासनाचे मनाई आदेश लागू असतात, ते निघण्यापूर्वीच तपासावेत. आणि फोटो पोस्ट करताना शटर किती होतं आणि पाण्याला प्रत्यक्षात किती जोर होता, हे कॅप्शनमध्ये लिहावं. १/१००० सेकंदाने टिपलेला एखादा फोटो सोबत जोडला, तर पाण्याचं खरं रूपही लोकांना दिसेल.