सहा गुण, तीन फासे

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र चालवतो. त्या पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई कागदावर आकड्यांत लिहिलेली असते. ही पद्धत रुजवली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने निघाला. दोघेही युद्धखेळांत मुरलेले होते. त्या खेळांत पटावरची एक बाहुली बहुधा अख्ख्या तुकडीच्या जागी उभी असे आणि तिला लढाईपुरते आकडे पुरत. बाहुलीमागे एकच माणूस आहे आणि पुढच्या बैठकीतही तोच असणार, असे ठरल्यावर मात्र त्याला इतरांपासून वेगळा दाखवणारे काहीतरी हवे झाले.

ती गरज सहा गुणांनी भागवली: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि माणसाची इतरांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज लिहायची. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १८ ची बेरीज एकदाच येते, तर १० किंवा ११ मिळून ५४ वेळा. त्यामुळे बहुतेक पात्रे चारचौघांसारखी निघत आणि असामान्य माणूस खरोखरच विरळा असे.

नवल म्हणजे या आकड्यांना सुरुवातीला फारसे काम नव्हते. बळ १८ असलेल्या लढवय्याचा घाव बळ ३ असलेल्यापेक्षा जड पडत नसे. चांगल्या बळाने त्याला अनुभवाचे गुण तेवढे थोडे जास्त मिळत. चपळाईमुळे नेमबाजीत एकाचा फरक पडे, काटकपणामुळे जीव थोडा चिवट होई. सगळ्यांत ठोस नियम होता तो छापेचा. तिच्यावरून किती खास साथीदार पदरी ठेवता येतील ते ठरे: छाप ३ असेल तर एक, १८ असेल तर बारा.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने बळाला लढाईत वजन दिले. आकडा असा कामाचा झाल्यावर वाईट फासे पडणे खेळाडूंना जाचू लागले. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून देण्याची पद्धत सुचवली गेली. सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास गेली. बदल दिसायला किरकोळ, पण या खेळात नशिबाची सत्ता सैल पडायला सुरुवात झाली ती इथून. त्याच काळातला एक नियम मात्र निखालस अन्यायाचा होता: १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने स्त्री पात्रांच्या बळाला पुरुषांपेक्षा खालची कमाल मर्यादा घातली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली.

कोणते गुण मोजायचे, यावरून त्या खेळातले जग कसे आहे ते कळते. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ने (१९७७) अंतराळातल्या साम्राज्यासाठी शिक्षण आणि सामाजिक दर्जा हेही मोजले. तिथे अख्खे पात्र सहा चिन्हांच्या एका ओळीत मावते. ‘६८९ए७बी’ म्हणजे बळ ६, चपळाई ८, दम ९, बुद्धी १०, शिक्षण ७ आणि दर्जा ११. म्हणजेच हा माणूस सरदार, पण शिक्षणाने बेताचा. ‘कॉल ऑफ क्थुलू’ने (१९८१) मनाचे स्वास्थ्य मोजले. भीषण काही पाहिले की ते घसरते. वाढवत न्यायचा नव्हे, तर गमावत जायचा हा आकडा भयकथेला जितका शोभतो तितका दुसरा कुठलाच नियम शोभत नाही.

पात्र घडवताना फाशांना पूर्ण रजा देणारा प्रवाहही सत्तरच्या दशकातच सुरू झाला. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘मेली’ (१९७७) या छोट्या द्वंद्वखेळात बळ आणि चपळाई मिळून २४ गुण खेळाडूनेच वाटायचे असत. एकीकडे वाढवले की दुसरीकडे कमी पडणारच. याच विचारावर त्यांचा ‘गर्प्स’ (१९८६) उभा राहिला. एरिक वुजिक यांच्या ‘अँबर’मध्ये (१९९१) तर गुणांचा लिलाव होतो. जास्त बोली लावणारा त्या गुणात सर्वांच्या वर, आणि पुढे फासे कधीच पडत नाहीत.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधली विखुरलेली कोष्टके मोडून एकच सूत्र ठेवले: आकड्यातून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक असेल तर खालचा पूर्णांक घ्या. १६ चे अधिक ३, ८ चे उणे १. खेळताना कामाला येतो तो हाच फरक, मूळ आकडा जवळजवळ नाहीच. तरीही त्या खेळाने ३ ते १८ ची मोजणी सोडली नाही. त्याच परंपरेतल्या ‘पाथफाइंडर’ने २०२३ च्या सुधारित पुस्तकांत ती काढून टाकली आणि पात्राच्या कागदावर फक्त अधिक-उण्याचा फरक ठेवला.