क्वात्रोची, ओटाव्हिओ

क्वात्रोची, ओटाव्हिओ : (१९३८–२०१३). बोफोर्स तोफखरेदीतील दलालीच्या आरोपांमुळे कुप्रसिद्ध झालेला इटालियन मध्यस्थ. जन्म सिसिलीतील मास्काली येथे. १९९३ पर्यंत तो दिल्लीत स्नामप्रोजेत्ती कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याचा मूळ धंदा खत कारखान्यांचा. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यातील युरियाचे तंत्रज्ञान याच कंपनीचे. गांधी कुटुंबाशी असलेल्या घरोब्यामुळे सरकारदरबारी त्याचे वजन होते.

२४ मार्च १९८६ रोजी भारताने स्वीडनच्या बोफोर्सकडून ४१० तोफा सुमारे १,४३७ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. मध्यस्थ नको, असे भारताने बजावले होते. तरीही नोव्हेंबर १९८५ मध्येच बोफोर्सने ए. ई. सर्व्हिसेस या कंपनीला तीन टक्के दलाली कबूल केली होती. मात्र त्यासाठी करार ३१ मार्च १९८६ पूर्वी व्हायला हवा होता. मुदतीला आठवडा उरला असताना सही झाली. साऱ्या प्रकरणात या तारखांइतका बोलका पुरावा दुसरा नाही. सप्टेंबरात ए. ई. सर्व्हिसेसच्या झुरिचमधील खात्यात सुमारे ७३ लाख डॉलर जमा झाले आणि त्यांतील बहुतेक रक्कम लगोलग कोलबार इन्व्हेस्टमेंट्सच्या जिनीव्हातील खात्याकडे वळली. ते खाते क्वात्रोची दांपत्याच्या ताब्यातले, असे सीबीआयचे म्हणणे होते. क्वात्रोचीने आरोप कायम नाकारले.

१६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली. सांगली जिल्ह्याला लागून असलेल्या चिकोडीचे खासदार बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार घातला. मध्यस्थांना पैसे दिल्याचा पुरावा नाही, हा तिचा १९८८ चा निर्वाळा पुढे बँकांच्या कागदपत्रांपुढे टिकला नाही. दलालीचा पैसा सत्ताधारी पक्षापर्यंत पोचल्याचा आरोप १९८९ च्या निवडणुकीत गाजला. काँग्रेस १९७ जागांवर घसरली. तो आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधींवरील लाचेचा ठपका दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये पुसला.

जुलै १९९३ मध्ये क्वात्रोची मलेशियाला निघून गेला. त्याला वेळीच न अडवणे ही तपासातील अक्षम्य ढिलाई होय. मलेशियात २००० मध्ये आणि अर्जेंटिनात २००७ मध्ये त्याला अटक झाली, पण दोन्ही देशांच्या न्यायालयांनी प्रत्यार्पण नाकारले. लंडनमधील त्याची गोठवलेली खाती २००६ मध्ये खुली झाली. त्याला व बोफोर्सचा भारतातील प्रतिनिधी विन चढ्ढाला ४१ कोटी रुपयांहून अधिक दलाली मिळाल्याचे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने नोंदवले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मार्च २०११ मध्ये, दिल्लीच्या न्यायालयाने खटला मागे घेण्यास मुभा दिली. १३ जुलै २०१३ च्या सुमारास मिलान येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले.